गोलसममित उकल सापडली, पण ती कोणाची? सुधारित गुरुत्वाकर्षणात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.ला सामान्य सापेक्षता घेतलेल्या बहुतेकांनी श्वार्झशिल्ड उकल एकदा तरी हाताने काढलेली असते. आइनस्टाइनची समीकरणं नोव्हेंबर १९१५ मधली. रशियन आघाडीवर असलेल्या कार्ल श्वार्झशिल्डने ताऱ्याबाहेरच्या पोकळीची नेमकी उकल लगेच काढली आणि जानेवारी १९१६ मध्ये ती प्रशियन अकादमीपुढे मांडलीही गेली. दहा अरेखीय समीकरणांचं गाठोडं इतक्या झटपट सुटलं ते गोलीय सममितीमुळे. चार चलांचा प्रश्न एकट्या त्रिज्येवर आला.

पीएचडीच्या पहिल्या वर्षात हाच प्रयोग एखाद्या सुधारित सिद्धान्तात (आइनस्टाइनच्या समीकरणांत बदल करून केलेल्या) करायचा मोह होतो, आणि करावाच. बऱ्याचदा तासाभरात कळतं की श्वार्झशिल्ड उकल इथेही चालते. मग वाटतं, सूर्यमालेच्या कसोट्या आपला सिद्धान्त आपोआप पास झाला. गाडी घसरते ती इथेच. सामान्य सापेक्षतेत कोणत्याही गोलसममित ताऱ्याबाहेर एकच उकल असते आणि तिच्यात वस्तुमान हा एकच आकडा असतो. ही हमी बर्कहॉफच्या १९२३च्या प्रमेयाची (नॉर्वेच्या येब्सेनने ते १९२१ मध्येच मांडलं होतं, पण नाव बर्कहॉफचं झालं). सुधारित सिद्धान्तांत ही हमी सहसा नसते. म्हणून उकल काढणं हे निम्मंच काम. ती ताऱ्याची, कृष्णविवराची की कोणाचीच नाही, हे ठरवणं उरलेलं निम्मं, आणि जास्त कष्टाचं.

खाली मुख्य उदाहरण एफ(आर) सिद्धान्तांचं घेतलं आहे. आइनस्टाइनच्या ॲक्शनमध्ये (ज्याच्यापासून समीकरणं निघतात त्या संकलनात) नुसता रिची स्केलर, म्हणजे वक्रता मोजणारा एक आकडा, असतो. त्याच्या जागी त्याचं एखादं फलन एफ(आर) ठेवायचं, एवढाच बदल. बुखडालने १९७० मध्ये यावर लिहिलं, स्टारोबिन्स्कीने १९८० मध्ये त्यातून विश्वाच्या सुरुवातीच्या फुगवट्याचं प्रतिमान काढलं, आणि विश्वाचा प्रवेगी विस्तार सापडल्यावर या सिद्धान्तांचं पीकच आलं. या लेखात ‘आर’ म्हणजे नेहमी रिची स्केलर. त्रिज्येला त्रिज्याच म्हणू.

पायरी १ : आधी चिन्हं ठरवा आणि भिंतीवर चिकटवा

पायरी कंटाळवाणी आहे, पण नव्या लोकांचे सर्वांत जास्त दिवस इथेच वाया जातात. निम्मे पेपर काळाचं पद उणे धरतात, निम्मे अधिक. रिची टेन्सरच्या व्याख्येतही चिन्हाचा फरक असतो. सामान्य सापेक्षतेत त्याचा फारसा त्रास होत नाही, कारण शेवटी सगळं जुळतं. एफ(आर)मध्ये मात्र आरचं चिन्ह पालटलं की एफ हे फलनच बदलतं, स्थैर्याच्या अटी उलट्या होतात आणि दुसऱ्याचा निष्कर्ष तुमच्या वहीत चुकीचा ठरतो. मी काळ उणे, अवकाश अधिक, आणि प्रवेगी विस्तार पावणाऱ्या रिकाम्या विश्वात आर धन, असं धरतो. पेपर वाचताना पहिल्या पानावरच समासात त्याची चिन्हं लिहून ठेवा.

गणित संगणकाला करू द्या, पण आधी त्याची परीक्षा घ्या. मॅक्सिमा आणि सेजमॅथ फुकट आहेत, मॅथेमॅटिका असेल तर एक्सॲक्ट आहे, पायथनमध्ये सिमपाय आहे. कोणतंही घ्या, त्यात श्वार्झशिल्ड मेट्रिक (अवकाश-काळातली अंतरं सांगणारा टेन्सर) भरा, आर शून्य येतो का पाहा, आणि क्रेटश्मान स्केलर (रीमान टेन्सरचा ‘वर्ग’) त्रिज्येच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात येतो का पाहा. तो आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी २ : मेट्रिक लिहा, पण जुनी सवय सोडा

स्थिर गोलसममित मेट्रिकमध्ये दोनच अज्ञात फलनं उरतात: काळाच्या पदासमोर उणे ए, त्रिज्येच्या पदासमोर बी. कोनांच्या पदासमोर त्रिज्येचा वर्ग, म्हणजे त्रिज्या गोलाच्या क्षेत्रफळावरून मोजलेली. सामान्य सापेक्षतेच्या पोकळीत ए आणि बी यांचा गुणाकार १ येतो, आणि बरेच जण तो सुरुवातीलाच १ धरून मोकळे होतात. सुधारित सिद्धान्तात असं करणं म्हणजे उत्तर आधीच लिहून प्रश्न सोडवणं.

का, ते जवळून पाहू. एफचं आरच्या सापेक्ष विकलन म्हणजे फाय, आणि ए × बी म्हणजे एक्स. डॅश म्हणजे त्रिज्येच्या सापेक्ष विकलन. काळ-काळ समीकरणातून त्रिज्या-त्रिज्या समीकरण वजा केलं की पोकळीत बाकी सगळं उडून जातं आणि उरतं ते एवढंच:

२ × त्रिज्या × फाय″ = (त्रिज्या × फाय′ + २ × फाय) × (एक्स′ ÷ एक्स)

सामान्य सापेक्षतेत फाय नेहमी १, म्हणून डावी बाजू शून्य, म्हणून एक्स अचल. आता उलट बाजूने जा. एक्स अचल आहे असं तुम्ही गृहीत धरलंत तर फाय″ शून्य, म्हणजे फाय ही त्रिज्येची सरळ रेषा झाली. ताऱ्याभोवती फाय कसा पसरतो हा सगळ्या सिद्धान्तातला कळीचा प्रश्न, आणि तुम्ही त्याचं उत्तर एका ओळीत ठोकून दिलंत! अशा गृहीतकावर उभ्या असलेल्या ‘नव्या’ उकली वाङ्मयात भरपूर आहेत. त्या चूक नसतात, फार अरुंद असतात.

आणखी एक सोय आणि तिच्यातला धोका. पूर्ण समीकरणं लिहिण्याऐवजी मेट्रिक थेट ॲक्शनमध्ये घालून ए आणि बी यांच्या सापेक्ष चलन (व्हेरिएशन) घेता येतं. गोलीय सममितीसाठी हे वैध आहे, पाले यांचं तत्त्व त्याला आधार देतं. मात्र चलन घेण्याआधी बी = १ ÷ ए असं टाकलंत तर एक समीकरण कायमचं हरवतं. आधी चलन, मग सोपं करणं.

पायरी ३ : ट्रेस घ्या

दहा समीकरणांकडे बघून घाबरण्यापेक्षा त्यांचा ट्रेस (कर्णावरच्या घटकांची बेरीज) घ्या. योग्य एककांत तो असा येतो:

३ × (फायचा बॉक्स) + आर × फाय − २ × एफ = टी

बॉक्स म्हणजे अवकाश-काळातलं दुसऱ्या विकलनांचं पद, तरंग समीकरणात असतं ते. टी म्हणजे द्रव्याच्या ऊर्जा-संवेग टेन्सरचा ट्रेस, साध्या ताऱ्यासाठी उणे घनता. सामान्य सापेक्षतेत बॉक्सचं पद उडतं आणि उरतं −आर = टी. म्हणजे द्रव्य जिथे, आर तिथेच, बाहेर पाऊल टाकलं की शून्य. एफ(आर)मध्ये हे विकलनाचं समीकरण झालं. आरला स्वतःचं आयुष्य मिळालं. तो ताऱ्याबाहेर झिरपू शकतो. बर्कहॉफची हमी जाते ती यामुळेच. गुरुत्वाकर्षणाबरोबर एक अदिश क्षेत्रही हिंडू लागतं आणि बाहेरच्या पोकळीला ताऱ्याच्या अंतरंगाची खबर मिळते.

पायरी ४ : अचल वक्रतेची उकल काढा, आणि तिच्यावर भाळू नका

सर्वांत सोपी उकल ही: पोकळीत आर सगळीकडे सारखाच आहे असं धरा. बॉक्स शून्य, आणि नुसतं बीजगणित उरतं: आर × फाय = २ × एफ.

कॅरल, दुवुरी, ट्रॉडन आणि टर्नर यांचं गाजलेलं प्रतिमान घेऊ, एफ = आर − के ÷ आर. के हा अतिशय लहान अचल. फाय = १ + के ÷ आर². समीकरणात घाला:

आर + के ÷ आर = २आर − २के ÷ आर

म्हणजे आर² = ३के. डार्क एनर्जी न घालताच पोकळीला वक्रता मिळाली. मेट्रिक येतं श्वार्झशिल्ड–डी सिटर:

ए = १ − (श्वार्झशिल्ड त्रिज्या ÷ त्रिज्या) − (आर ÷ १२) × त्रिज्या²

सूर्याची श्वार्झशिल्ड त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर. शेवटचं पद सूर्यमालेच्या अंतरांवर इतकं क्षुल्लक की बुध ग्रहाच्या कक्षेला त्याचा पत्ताही लागणार नाही. सगळं छान! मग २००३ मध्ये चिबाने दाखवलं की हेच प्रतिमान सूर्यमालेत सपशेल नापास होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, ते पुढच्या पायरीत.

तत्पूर्वी एक इशारा. एफ = आर² घेऊन पाहा. आर × २आर = २ × आर², म्हणजे समीकरण कोणत्याही आरला खरं. त्यात आर शून्य घेतला तर एफही शून्य आणि फायही शून्य, आणि पोकळीतली सगळी समीकरणं ० = ० होतात. आर शून्य असलेलं जगातलं कुठलंही मेट्रिक इथे ‘उकल’ आहे, विद्युतभार नसताना विद्युतभारित कृष्णविवराचंसुद्धा. समीकरणात बसणं या गोष्टीला किती कमी किंमत आहे हे यावरून कळावं.

पायरी ५ : तारा ठेवा

लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणून इथे सावकाश जाऊ. एफ = आर + आर² ÷ (६ × एम²) घ्या, स्टारोबिन्स्कीचं. एम हा अचल म्हणजे जादा अदिश क्षेत्राचं वस्तुमान. फाय = १ + आर ÷ (३ × एम²). ट्रेसमध्ये घातलं की आर² ची दोन्ही पदं एकमेकांना खातात (स्वतः करून पाहा, दोन ओळी आहेत) आणि राहतं:

आरचा बॉक्स − एम² × आर = एम² × टी

कोणतीही सूट न घेता इतकं स्वच्छ समीकरण या विषयात क्वचित मिळतं. एम फार मोठा असेल तर बॉक्स नगण्य, −आर = टी, म्हणजे आइनस्टाइन परत. एम लहान असेल तर आर ताऱ्याबाहेर पसरतो. दुर्बळ क्षेत्रात बाहेरची उकल दोन तुकड्यांची: एक अंतराबरोबर घातांकी वेगाने विझणारा, दुसरा तसाच वाढत जाणारा. वाढणारा टाकून द्यायचा, कारण दूर गेल्यावर अवकाश सपाट हवं. उरलेल्याचा गुणांक मात्र तुमच्या मर्जीवर नाही. तो ताऱ्याच्या द्रव्यावरून ठरतो आणि शून्य येत नाही. आर शून्य असलेली श्वार्झशिल्ड उकल या सिद्धान्ताची आहे खरी, पण या ताऱ्याची नाही.

बिंदूसारख्या ताऱ्यासाठी निकाल असा: ग्रहाला जाणवणाऱ्या न्यूटनच्या विभवाला (१ + विझणारा भाग ÷ ३) हा गुणक लागतो, अवकाशाच्या वक्रतेच्या विभवाला (१ − विझणारा भाग ÷ ३). दोहोंचं गुणोत्तर म्हणजे गॅमा हा प्रसिद्ध कसोटी-आकडा. आइनस्टाइनसाठी तो १. इथे एम शून्याकडे नेला की विझणारा भाग १ होतो आणि येतं २/३ भागिले ४/३, म्हणजे नेमका १/२.

प्रकाश दोन विभवांच्या बेरजेवर वळतो, आणि बेरजेत १/३ ची पदं कटतात. म्हणजे जादा ओढ ग्रहांना जाणवते, प्रकाशाला नाही. ग्रहांवरून सूर्याचं ‘वस्तुमान’ काढाल तर ते ४/३ पट जास्त भरतं, आणि त्या वस्तुमानाच्या हिशेबाने प्रकाश पाऊणपटच वळतो: सूर्याच्या कडेला १.७५ ऐवजी १.३१ आर्कसेकंद. निरीक्षण काय म्हणतं? कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांना सूर्याजवळून येताना झालेल्या उशिरावरून २००३ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की गॅमा १ पासून फार तर लाखात काही भाग इतकाच ढळू शकतो. १/२ चं काही खरं नाही.

आता १ ÷ आरच्या प्रतिमानाकडे परत या. तिथे अदिश क्षेत्र इतकं हलकं आहे की त्याचा पल्ला विश्वाच्या आकाराइतका. म्हणून गॅमा १/२. अचल आरची उकल समीकरणात बसते, पण सूर्य ती निर्माण करत नाही, कारण सूर्याच्या आत टी शून्य नाही आणि आतला आर बाहेरच्या अचल आरला नीट जोडता येत नाही. २००६ च्या आसपास या मुद्द्यावर बरीच खडाजंगी झाली, आणि तिचा निकाल तारा ठेवून गणित करणाऱ्यांच्या बाजूने लागला. त्याशिवाय डोल्गोव आणि कावासाकी यांनी २००३ मध्येच दाखवलं होतं की या प्रतिमानात एफचं दुसरं विकलन ऋण असल्याने द्रव्याच्या आत आर क्षणार्धात अस्थिर होतो. माझ्या चिन्हांत फाय धन आणि एफचं दुसरं विकलन धन, या दोन अटी उकल काढायच्या आधीच तपासाव्यात. पाच मिनिटांचं काम आहे, सहा महिने वाचवतं.

स्टारोबिन्स्कीचं मूळ प्रतिमान यातून सहीसलामत सुटतं, कारण विश्वारंभासाठी लागणारा एम इतका मोठा आहे की जादा बलाचा पल्ला अणुकेंद्राच्या आकारापेक्षाही कोट्यवधी पटींनी लहान. सूर्याला त्याची दखल घ्यायचं कारणच नाही. दुसरी पळवाट शॅमेलिऑनची, खौरी आणि वेल्टमन यांची २००४ ची कल्पना: दाट द्रव्यात अदिश क्षेत्र जड होतं आणि सूर्याचा फक्त वरचा पातळ थर त्याला जन्म देतो. हू आणि साविकी यांचं २००७ चं प्रतिमान त्यावर चालतं. तिथे वरचं रेखीय गणित लागू पडत नाही, हे ध्यानात ठेवा.

पायरी ६ : तारा नसेल, कृष्णविवर असेल तर

हिशेब उलटतो, आणि तो फार देखणा आहे. स्टारोबिन्स्कीच्या आरच्या त्याच समीकरणाला (टी शून्य धरून) आरने गुणा आणि क्षितिजापासून अनंतापर्यंत संकलन करा. खंडशः संकलनाने सीमेवरची पदं दोन्ही टोकांना शून्य होतात आणि उरतं: (आरच्या उताराचा वर्ग + एम² × आर²) यांचं संकलन = ०. क्षितिजाबाहेर स्थिर मेट्रिकमध्ये दोन्ही पदं ऋण असूच शकत नाहीत. म्हणून आर सगळीकडे शून्य, मग एफ शून्य आणि फाय १, आणि आपण आइनस्टाइनच्या पोकळीत परत, म्हणजे श्वार्झशिल्ड. एकाच सिद्धान्तात कृष्णविवराबाहेर श्वार्झशिल्ड आणि ताऱ्याबाहेर दुसरंच काही! फरक फक्त आतल्या सीमेचा.

एम² ऋण असेल तर हा युक्तिवाद कोसळतो. रिची टेन्सरच्या किंवा वाइल टेन्सरच्या वर्गाची पदं घातली तरी तो जसाच्या तसा चालत नाही. ल्यू, पर्किन्स, पोप आणि स्टेल यांना २०१५ मध्ये अशाच सिद्धान्तात श्वार्झशिल्डहून वेगळी कृष्णविवरं संगणकाने सापडली.

पुण्याच्या आयुकातल्या नरेश दधीच यांनी सहकाऱ्यांसह २००० मध्ये ब्रेन-विश्वासाठी (आपलं चार मितींचं विश्व पाच मितींतला एक पडदा आहे या कल्पनेसाठी) काढलेली उकलही इथे आठवते. रूप विद्युतभारित कृष्णविवराचं, पण भार नाही. त्या जागी पाचव्या मितीच्या गुरुत्वाकर्षणातून येणारा एक ‘भरतीचा भार’. त्याची किंमत आपल्या चार मितींतल्या समीकरणांतून ठरत नाही, बाहेरच्या मितीत काय आहे त्यावरून ठरते. ‘उकल कोणाची’ हा प्रश्न तिथे अधिकच टोकदार होतो.

पायरी ७ : संगणकावर सोडवताना

केंद्रापासून सुरुवात करा. तिथे बी = १, आणि ए व आर यांची पहिली विकलनं शून्य. केंद्रातला आर हा तुमचा अंदाजाचा आकडा. तो बदलत बदलत बाहेरची अट गाठायची, म्हणजे नेमबाजी पद्धत. आणि ती हमखास फसते, कारण घातांकी वाढणारा तो टाकून दिलेला तुकडा पूर्णांकनाच्या चुकीतून परत येतो. एम × त्रिज्या वीस-तीसच्या पुढे गेलं की दुहेरी अचूकताही पुरत नाही. म्हणून दोन्ही टोकांच्या अटी एकदम लादणारी पद्धत वापरा (पायथनच्या सायपायमध्ये सॉल्व्ह-बीव्हीपी आहे), किंवा आरमधून विझणारा घटक आधीच बाहेर काढून उरलेल्या भागासाठी समीकरण लिहा. न वापरलेलं एक क्षेत्र समीकरण बाजूला ठेवा आणि शेवटी त्यात उत्तर घालून किती चुकतं ते आलेखावर काढा. मार्गदर्शक पहिल्यांदा तोच आलेख मागतील.

ताऱ्याच्या पृष्ठभागावर सामान्य सापेक्षतेतली जोडणीची अट पुरत नाही. पातळ कवच नको असेल तर आर आणि त्याचं लंब दिशेचं विकलन दोन्ही अखंड हवेत.

इतर सिद्धान्तांत जाताना

ब्रान्स–डिके (१९६१) आधी करा: मेट्रिकसोबत एक अदिश क्षेत्र असलेला सिद्धान्त, ओमेगा हा त्याचा अचल. एफ(आर) म्हणजे ओमेगा शून्य असलेला ब्रान्स–डिके, वर विभवाची भर. गॅमा = (१ + ओमेगा) ÷ (२ + ओमेगा) या सूत्रात ओमेगा शून्य घाला, तोच १/२ भेटेल. कॅसिनीनंतर ओमेगा ४०,००० च्या वर हवा. टॉर्शनवर (वक्रतेऐवजी अवकाश-काळाच्या पिळावर) उभ्या एफ(टी) सिद्धान्तांत मेट्रिकसोबत टेट्रॅडही (प्रत्येक बिंदूवरची चार अक्षांची चौकट) निवडावा लागतो, आणि गोलीय निर्देशकांत साधा कर्णरेषीय टेट्रॅड घेतला तर समीकरणं भलतीच बंधनं लादतात. तामानिनी आणि बोमर यांचा २०१२ चा पेपर त्याआधी वाचाच. काळानुसार बदलणाऱ्या उकलींकडे वळायचं असेल तर आधी सामान्य सापेक्षतेतली वैद्य उकल करा, प्रकाश ओकणाऱ्या ताऱ्याची. प्र. चु. वैद्य यांनी ती १९४३ मध्ये बनारसला वि. वा. नारळीकरांच्या सोबतीने काम करताना काढली होती.

पायरी ८ : ‘नवी’ म्हणण्याआधी

निर्देशक बदलून जुनीच उकल नव्या कपड्यांत येते. आर आणि क्रेटश्मान स्केलर काढा आणि एकाचा दुसऱ्याविरुद्ध आलेख काढा, त्रिज्या मधे न आणता. तो आलेख निर्देशकांवर अवलंबून नसतो. जुन्या उकलीचा आलेख त्यावर ठेवला आणि तंतोतंत बसला, तर बहुधा तीच आहे. दोन्ही अचल किंवा आर शून्य असेल तर निर्देशकांवर अवलंबून नसलेला आणखी एखादा स्केलर लागेल. क्षितिजावर क्रेटश्मान मर्यादित राहतो का तेही याच वेळी पाहा, आणि दूर गेल्यावर मेट्रिक कशाकडे झुकतं ते लिहा: सपाट, डी सिटर, की तिसरंच. घातरूपी एफसाठी क्लिफ्टन आणि बॅरो यांनी २००५ मध्ये काढलेली नेमकी उकल अनंतावर सपाट होत नाही, आणि ते त्यांनी झाकलेलं नाही.

शेवटी उकलीतले स्वैर अचल मोजा आणि प्रत्येकापुढे तो कोण ठरवतं ते लिहा: ताऱ्याचं वस्तुमान, त्याची घनता, क्षितिजावरची नियमितता, की दूरची अट. ज्या अचलापुढची जागा कोरी राहते, पुढचं काम तिथून सुरू होतं.